दुसऱ्या पायरीवरची लीग : आय-लीगच्या २०२४-२५ मोसमाचा आढावा

६ एप्रिल २०२५. आय-लीगच्या शेवटच्या दिवशी चार संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होते. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ३९ गुण, गोकुलम केरळचे ३७, रिअल काश्मीर आणि इंटर काशी यांचे प्रत्येकी ३६. बावीसपैकी एकवीस सामने संपलेले, एकच उरलेला, आणि पहिल्या व चौथ्या संघात अंतर अवघं तीन गुणांचं. कोणत्याही लीगला हेवा वाटावा असा हा शेवट होता. त्या संध्याकाळी विजेता ठरायला हवा होता. तो ठरला १८ जुलैला, स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात, क्रीडा लवादाच्या निकालपत्रात.

मधल्या साडेतीन महिन्यांत जे घडलं त्याची चर्चा बहुतेक ठिकाणी ‘चर्चिल की काशी’ या वादातच अडकली. मला त्यामागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या श्रेणीची लीग देशाला हवी कशासाठी? तिच्याकडे पैसा कमी, नावाजलेले खेळाडू थोडे, टीव्हीवर मोक्याची वेळ नाही. तिच्याजवळ भांडवल म्हणावं असं एकच असतं: जो पहिला येईल तो वर जाईल, हा भरवसा. गुणतालिकेवरचा हा भरवसा टिकला तर ऐजॉलमधला मुलगाही जीव तोडून धावतो आणि लुधियानाजवळच्या गावातला क्लबही पदरमोड करून संघ उभा करतो. भारतात नेमक्या याच भांडवलाची गेली दहा-बारा वर्षं नासाडी होत आली आहे, आणि २०२४-२५ च्या मोसमात ती सगळ्यांना दिसेल इतकी उघड झाली.

आय-लीग मुळात दुय्यम नव्हती. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने पटकावलं. २००७ मध्ये तिची नव्याने मांडणी होऊन आय-लीग आली आणि तिच्यावर पहिली सहा वर्षं गोव्याने एकहाती राज्य केलं. २००७-०८ मध्ये डेम्पो, मग चर्चिल, पुन्हा डेम्पो, मग साळगावकर, तिसऱ्यांदा डेम्पो आणि २०१२-१३ मध्ये पुन्हा चर्चिल. कोलकात्याच्या मातब्बर क्लबांना सहा वर्षं करंडकाला हात लावता आला नाही. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखालच्या डेम्पोने २००८ मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. त्याआधी, २००५-०६ मध्ये, मुंबईचा महिंद्र युनायटेड राष्ट्रीय विजेता झाला होता. म्हणजे भारतीय क्लब फुटबॉलचं केंद्र तेव्हा बऱ्याच अंशी कोकणपट्टीवर होतं, असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं ठरणार नाही.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. सुरुवातीला ती काही आठवड्यांची, झगमगाटाची स्पर्धा होती आणि आय-लीग नेहमीसारखी चालू होती. पण जाहिरातदार, टीव्ही आणि चांगले खेळाडू कुठे वळणार, हे ओळखायला कुणा जाणकाराची गरज नव्हती. २०१६ मध्ये महासंघाने आय-लीगला खालच्या पायरीवर नेण्याचा आराखडा मांडला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेम्पो या तिन्ही गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली. ज्यांनी ही लीग मोठी केली तेच तिच्यातून उठून गेले. भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातलं मला सर्वांत जास्त लागलेलं नुकसान ते हेच.

त्या माघारीतून एक विलक्षण गोष्ट घडली. मिझोरामचा ऐजॉल एफसी २०१५-१६ मध्ये खाली घसरला होता. गोव्याचे क्लब गेल्याने जागा रिकाम्या झाल्या आणि त्याला परत बोलावलं गेलं. मुंबई एफसीमध्ये कित्येक वर्षं काढलेले खालिद जमील त्याचे प्रशिक्षक झाले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधून ऐजॉल राष्ट्रीय विजेता झाला. ईशान्येकडच्या क्लबाने ही मजल पहिल्यांदाच मारली होती. आणि बक्षीस काय मिळालं? पुढच्या हंगामापासून सुपर लीग आय-लीगच्या बरोबरीने चालवण्याचं ठरलं, आणि सुपर लीगमध्ये विजेत्या ऐजॉलला जागा नव्हती. क्लबाने आमरण उपोषणाची भाषा केली तरी काही हललं नाही. हेच खालिद जमील १ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले गेले. खालच्या पायरीवरून राष्ट्रीय संघापर्यंत जाता येतं याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. त्यांचा जुना क्लब मात्र तेव्हाही त्याच पायरीवर होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघाच्या बैठकीत सुपर लीगच्या पहिल्या स्थानावर शिक्कामोर्तब झालं. आय-लीग अधिकृतपणे दुसरी झाली. तिच्या विजेत्याला वर चढण्याचा हक्क मिळणार होता, पण तो २०२२-२३ पासून. मधल्या वर्षांचं काय? मधल्या वर्षांत, २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये, गोकुलम केरळने लागोपाठ दोनदा लीग जिंकली. दार बंदच होतं. मे २०२२ मध्ये याच गोकुलमने एएफसी चषकात कोलकात्याच्या मैदानावर एटीके मोहन बागानला ४-२ असं हरवलं आणि दोन श्रेणींमधलं अंतर खेळापेक्षा ताळेबंदात जास्त आहे हे दाखवून दिलं. तरीही ते खालीच राहिले. पुढच्याच वर्षी दार उघडलं आणि पंजाबचा राउंडग्लास क्लब वर गेला, २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग गेलं.

या पार्श्वभूमीवर २०२४-२५ चा मोसम २२ नोव्हेंबरला सुरू झाला. सुपर लीग १३ सप्टेंबरलाच सुरू झाली होती. सव्वादोन महिन्यांचं हे अंतर कागदावर किरकोळ दिसतं, पण खेळाडूंचे पगार करार सुरू झाल्यापासून द्यावे लागतात, सामने सुरू झाल्यापासून नव्हे. लहान क्लबाचा अर्धा कस तिथेच लागतो.

बारा संघांचा नकाशा पाहिला की या लीगचं मोल कळतं. श्रीनगर, ऐजॉल, शिलाँग, कोझिकोड, हैदराबाद, बंगळुरू, राजस्थान, दिल्ली, गोव्याचे दोन क्लब, पंजाबमधल्या भैणी साहिब या नामधारी पंथाच्या गावाचा क्लब, आणि नावापुरती काशी. सुपर लीगच्या नकाशात ईशान्येच्या वाट्याला गुवाहाटीचा एकच संघ आहे आणि काश्मीर तर नाहीच. हा देश फुटबॉल कुठे खेळतो, ते पाहायचं तर दुसऱ्या श्रेणीकडेच यावं लागतं.

रिअल काश्मीरचंच घ्या. २०१४ च्या पुरानंतर पोरांना खेळायला काही तरी हवं, या विचारातून दोन मित्रांनी २०१६ मध्ये हा क्लब काढला. दोनच वर्षांत तो दुसऱ्या विभागातून आय-लीगमध्ये आला. खोऱ्यातला पहिला क्लब. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर मिनर्व्हा पंजाबचा संघ सुरक्षेच्या कारणाने श्रीनगरला गेलाच नाही. बर्फ, बंद, रद्द झालेली विमानं, हे सगळं सोसून हा संघ २०२५ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होता, आणि लीगमधला सर्वांत महत्त्वाचा सामना श्रीनगरच्या टीआरसी मैदानाच्या कृत्रिम हिरवळीवर खेळला जाणार होता.

याउलट इंटर काशी. २०२३ मध्ये थेट प्रवेश मिळालेला, पैशाने बरा, परदेशी खेळाडू आणि दोनदा सुपर लीग जिंकून देणारे ६७ वर्षांचे स्पॅनिश प्रशिक्षक अंतोनिओ लोपेझ हबास असा सरंजाम. पण वाराणसीचं नाव लावणाऱ्या या क्लबाचे घरचे सामने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला होत. दिल्ली एफसीचं घर तर पंजाबातल्या माहिलपूरला होतं. ज्या शहराच्या नावाने संघ खेळतो त्या शहरातल्या माणसाला तिकीट काढून सामना पाहता येत नसेल, तर क्लब आणि गाव यांचं नातं जुळायचं कसं? बाकी सगळ्या कमतरता भरून काढता येतील. मैदानाची उणीव मात्र पिढ्यांना भोवते. दिल्ली एफसी आणि एससी बंगळुरू हे तळाचे दोन संघ खाली गेले, आणि त्यांच्या जाण्याची फारशी हळहळ कुठे ऐकू आली नाही, याचं एक कारण मला हेच दिसतं.

गोव्यापुरता हा मोसम आनंदाचा होता. डेम्पो २०१४-१५ नंतर प्रथमच या लीगमध्ये खेळत होता. खालच्या आय-लीग २ मधून वर येऊन, म्हणजे सरळ रांगेत उभं राहून. वर्षानुवर्षं डेम्पोच्या बचावफळीत खेळलेले समीर नाईक आता बाकावर प्रशिक्षक म्हणून बसत होते. सासष्टीतल्या वार्का गावातून वाढलेला चर्चिल आलेमाव यांचा क्लब सायप्रसचे प्रशिक्षक दिमित्रिस दिमित्रिऊ यांच्या हाताखाली गुणतालिकेच्या डोक्यावर होता. दोन गोवेकर क्लब पुन्हा एका राष्ट्रीय लीगमध्ये, आणि शेवटच्या दिवशी दोघांच्याही सामन्यावर विजेतेपद अवलंबून.

तो शेवटचा दिवस जरा जवळून पाहण्यासारखा आहे. कोझिकोडच्या ईएमएस स्टेडियमवर गोकुलमसमोर डेम्पो होता. डेम्पोला मिळवण्यासारखं किंवा गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेसोथोचा आघाडीपटू थाबिसो ब्राउनने अकरा मिनिटांत दोन गोल केले. २-०. तेव्हा कोझिकोडमध्ये असं वाटलं असणार की दोनदा हुकलेलं दार या वेळी उघडणार. मग डेम्पो एकेक गोल फेडत आला. ब्राउनने उत्तरार्धात तिसरा गोल करून हॅट्‌ट्रिक पुरी केली, ३-३ झाले, आणि भरपाई वेळेत डेम्पोने चौथा गोल मारला. ३-४. जिंकायला आलेला संघ हरला, आणि ज्याला काहीच मिळणार नव्हतं त्याने शेवटच्या शिट्टीपर्यंत इमानाने फुटबॉल खेळून लीगची लाज राखली. गेल्या काही वर्षांत या लीगमध्ये सामने निश्चित करण्यासाठी खेळाडूंशी संधान बांधल्याचे प्रकार झाले आणि महासंघाच्या अध्यक्षांनाच ते जाहीरपणे सांगावे लागले. अशा लीगमध्ये डेम्पोच्या त्या नव्वद मिनिटांची किंमत फार मोठी आहे.

गोकुलमचं दुर्दैव पाहा: जिंकले तेव्हा दार बंद, दार उघडलं तेव्हा हार.

श्रीनगरला चर्चिल आणि रिअल काश्मीरची १-१ अशी बरोबरी झाली. कल्याणीला इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ हरवलं. चर्चिल ४०, काशी ३९. इथे गोष्ट संपायला हवी होती.

ती न संपण्याचं कारण १३ जानेवारीचं होतं. त्या दिवशी नामधारीने इंटर काशीला २-० हरवलं. काशीने तक्रार केली की नामधारीकडून उतरलेला एक ब्राझिलियन खेळाडू चार पिवळी कार्डं झाल्यामुळे त्या सामन्यापुरता निलंबित होता. निलंबित खेळाडू खेळवला तर सामना प्रतिपक्षाला ३-० असा बहाल करायचा, हा दंडक जगभर आहे. तपासायचं काय होतं? या खेळाडूला कोणकोणत्या सामन्यांत पिवळं कार्ड मिळालं, आणि १३ जानेवारीच्या संघयादीत त्याचं नाव होतं की नव्हतं. दोन्ही कागद महासंघाच्याच कचेरीत होते. महासंघाच्या शिस्तपालन समितीने निकाल काशीच्या बाजूने दिला. अपील समितीने त्याला स्थगिती दिली. मग लीग संपून गेल्यावर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, अपील समितीने तो निकालच फिरवला आणि मैदानावरचा २-० कायम केला. चर्चिल विजेते.

या विलंबाने नुकसान काशीचं झालं असं सहसा म्हटलं जातं. मला वाटतं ते चर्चिलचंही तितकंच झालं. समजा, हे तीन गुण काशीला मार्चअखेर पक्के मिळाले असते. मग ६ एप्रिलच्या सकाळी तालिकेत चर्चिल ३९ आणि काशीही ३९ दिसले असते. श्रीनगरला उतरणाऱ्या चर्चिलला तेव्हा स्पष्ट कळलं असतं की बरोबरी पुरणार नाही. शेवटची वीस मिनिटं कशी खेळायची, बचावपटू काढून आघाडीपटू आणायचा का, हे सगळे निर्णय गुणांच्या हिशेबावर घेतले जातात. चर्चिलने ते ज्या हिशेबावर घेतले तो हिशेबच पुढे बदलला. गोकुलम आणि रिअल काश्मीर यांचीही गोष्ट वेगळी नाही. तीन गुणांचा निकाल टांगता ठेवून लीगचा शेवटचा टप्पा खेळवणं म्हणजे चारही संघांना डोळ्यांवर पट्टी बांधून मैदानात उतरवणं होतं, आणि याची जबाबदारी कोणत्याही क्लबाची नाही.

पुढचा भाग वाचायलाही क्लेश होतात. काशीने लोझानच्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. २७ एप्रिलला, रविवारी, लवादाने विजेता जाहीर करायला आणि करंडक द्यायला मनाई केली. त्याच दिवशी गोव्यात समारंभ होऊन चर्चिलच्या खेळाडूंच्या हाती करंडक दिला गेला. नंतर महासंघाने तो परत मागितला. ज्या पोरांनी बावीस सामने खेळून तो उंचावला त्यांच्याकडून तो मागून घेण्याची वेळ आली, यात त्या पोरांचा काय दोष? चर्चिलने तर विजेतेपदाचा घोळ सुटत नाही म्हणून एप्रिलमधल्या सुपर कपमधूनच अंग काढून घेतलं आणि मोहन बागानला न खेळता पुढची फेरी मिळाली. एक वाद किती स्पर्धांना चिकटतो ते यातून दिसतं.

आणि वाद एकच नव्हता. काशीचा स्पॅनिश आघाडीपटू मारिओ बार्को याची मोसमाच्या मध्यात दुसऱ्यांदा केलेली नोंदणी नियमात बसत नाही, अशी तक्रार चर्चिल, नामधारी आणि रिअल काश्मीर यांनी केली होती. ती तक्रार महासंघाच्या अपील समितीने उचलून धरली आणि काशीचे गुण कापले जाण्याची वेळ आली. इथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशी खेळाडूची नोंदणी क्लब परस्पर करत नाही. महासंघाच्या यंत्रणेत ती मंजूर व्हावी लागते. मंजूर केलेली नोंदणी त्याच महासंघाच्या दुसऱ्या समितीने मोसम संपल्यावर रद्द ठरवावी, हे कोणत्या क्लबाने आधी ओळखायचं? जूनमध्ये लवादाने नामधारीच्या सामन्याचे गुण काशीला दिले, आणि १८ जुलैला बार्कोच्या प्रकरणातही काशीच्या बाजूने कौल देऊन त्यांनाच विजेते जाहीर करण्याचा आदेश दिला. काशी ४२, चर्चिल ४०. लवादाच्या खर्चाचे ५५ टक्के महासंघावर आणि प्रत्येकी १५ टक्के चर्चिल, नामधारी व रिअल काश्मीरवर आले. खर्चाच्या या वाटणीतच दोष कुणाकडे किती, याचा लवादाने केलेला हिशेब वाचता येतो.

निकाल योग्य होता असं माझं मत आहे. नियम लिहिलेला असेल तर तो पाळावा लागतो, मग जिंकणारा क्लब दोन वर्षांचा असो की चाळिशीकडे झुकलेला. तरीही गोव्यात जी हळहळ झाली ती मला समजते. २०१६ मध्ये ज्या राज्याने या लीगकडे पाठ फिरवली होती तिथल्या क्लबाला नऊ वर्षांनी पहिल्या श्रेणीचा रस्ता दिसला होता, आणि तो रस्ता मैदानावर हरल्यामुळे बंद झाला नाही.

काशीला तरी लगेच काय मिळालं? लवादाचा निकाल येण्याच्या आठवडाभर आधी सुपर लीगच्या चालकांनी पुढचा मोसम थांबवून ठेवल्याचं जाहीर केलं होतं. २०१० चा तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं आणि नवा करार होत नव्हता. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने घटनेचा प्रश्न मार्गी लावला, पण त्यानंतर लीग चालवायला निविदा काढल्या तेव्हा एकही बोली आली नाही. अखेर २०२६ च्या फेब्रुवारीत, एकाच फेरीच्या आटोपशीर स्वरूपात, चौदा क्लबांची सुपर लीग सुरू झाली आणि इंटर काशी त्यातला चौदावा संघ ठरला. जुलैमध्ये जिंकलेला हक्क वापरायला फेब्रुवारी उजाडला. या काळात खालच्या श्रेणीच्या क्लबांना आपला मोसम कधी सुरू होणार, खेळाडूंशी किती महिन्यांचे करार करायचे, हेही ठाऊक नव्हतं.

वर चढल्यावर काय होतं याचाही विचार करायला हवा. मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये आय-लीग जिंकून वर गेलं आणि पहिल्याच मोसमात तळाला राहिलं. थकलेल्या पगाराच्या तक्रारी चव्हाट्यावर आल्या, खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला, ज्यांनी विजेतेपद मिळवून दिलं ते रशियन प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव्ह मध्यावरच निघून गेले. खालच्या श्रेणीचा खर्च आणि वरच्या श्रेणीचा खर्च यांत मोठी दरी आहे. ती ओलांडायला चढणाऱ्या क्लबाला कुणी हात देत नाही.

आणि तळाला राहूनही मोहम्मेडन खाली आलं नाही, कारण तेव्हा सुपर लीगमधून कुणी खाली येतच नव्हतं. २०१९ च्या आराखड्यात पदावनतीचं वचन होतं, २०२४-२५ च्या सुमाराला ती लागू व्हायची होती. झाली नाही. वरच्या श्रेणीतल्या मालकांचा युक्तिवाद असा की एवढा पैसा ओतल्यावर खाली जाण्याची जोखीम कोण घेईल. पण जपानने ही जोखीम घेतली होती. तिथली व्यावसायिक लीग १९९३ मध्ये दहा क्लबांनिशी सुरू झाली. १९९९ मध्ये दहा क्लबांची दुसरी श्रेणी आली आणि पहिल्याच वर्षी दोन क्लब वर गेले, दोन खाली आले. खाली येणाऱ्यांत उरावा रेड्स होता, देशातला सर्वांत जास्त प्रेक्षक लाभलेल्या क्लबांपैकी एक. २००७ मध्ये तोच उरावा आशियाचा विजेता झाला. खाली गेलेल्या क्लबाचं गाव त्याच्यासोबत खाली गेलं, म्हणून तो परत वर येऊ शकला. २०२४-२५ मध्ये वरच्या क्लबांना घसरण्याची धास्ती नव्हती म्हणून त्यांचे मोसमाच्या शेवटाकडचे बरेच सामने निरर्थक झाले, आणि त्याच सुमाराला खालच्या श्रेणीत चार संघ तीन गुणांत गुंतलेले होते. प्रेक्षकाने कुठलं फुटबॉल पाहावं, असा प्रश्न कुणी मला केला तर उत्तर द्यायला मी क्षणभरही थांबणार नाही.

महाराष्ट्राबद्दल दोन शब्द, कारण २०२४-२५ च्या त्या बारा संघांत आपला एकही नव्हता. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये उपविजेता होता. तीन वर्षांत त्याचा वरिष्ठ संघ संपला. पुण्यातलाच भारत एफसी एकच मोसम टिकला, डीएसके शिवाजीयन्स दोन. मुंबई एफसी २०१७ मध्ये घसरला आणि त्यासोबत संपला. मुंबई केंकरे २०२२-२३ मध्ये खाली गेला. यातले बहुतेक एखाद्या उद्योगसमूहाच्या किंवा मालकाच्या मर्जीवर उभे होते, वस्तीवर किंवा पेठेवर नव्हे. दुसरीकडे कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा मैदानात असतात. व्यावसायिक लीगमधल्या किती क्लबांना असा हक्काचा प्रेक्षक आहे? कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालील विश्वचषक खेळून आला तो आय-लीगमध्येच, इंडियन ॲरोज या तरुणांच्या संघातून, पहिल्यांदा मोठ्यांबरोबर खेळला. खेळाडू आहेत, प्रेक्षक आहेत. तालमींच्या जिव्हाळ्याला राष्ट्रीय लीगच्या परवान्यात बसवणारा क्लब नाही. परवान्यासाठी लागणारी मैदानं, युवा संघ, पगाराची हमी हे एकट्या पेठेला झेपणारं नाही, तिथे शहराने, महापालिकेने आणि उद्योगांनी एकत्र यायला हवं. शिलाँग आणि ऐजॉल ही कोल्हापूरहून काही श्रीमंत शहरं नाहीत.

रस्ता अगदीच बंद नाही, हे दाखवणारा क्लब बंगालमध्ये आहे. डायमंड हार्बर एफसी २०२२ मध्ये स्थापन झाला. २०२४-२५ मध्ये त्याने आय-लीग २ जिंकली, मिझोरामचा चानमारी दुसरा आला, आणि दोघांनी दिल्ली व बंगळुरूची जागा घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये याच डायमंड हार्बरने ड्युरँड चषकाच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालला २-१ हरवून अंतिम फेरी गाठली. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना ६-१ असं लोळवलं, तेही खरं. पण तीन वर्षांचा क्लब पायरी पायरीने तिथवर पोचला, हे त्या पराभवाने पुसलं जात नाही. या क्लबांसाठी करायची कामं अवघड नाहीत: तक्रारीचा निकाल पुढची फेरी सुरू होण्याआधी, अपील पंधरवड्यात, पिवळ्या कार्डांची अद्ययावत यादी प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांच्या आणि सामनाधिकाऱ्यांच्या हातात, आणि मोसमाची तारीख करार करण्याच्या महिन्याआधी जाहीर. यातल्या एकाही गोष्टीला प्रसारणाचे कोट्यवधी रुपये लागत नाहीत. शेवटची मागणी तेवढी अवघड आहे, कारण तिला वरच्या चौदा मालकांची संमती लागेल: तळाचा एक संघ दर वर्षी खाली यावा, आणि तो कोणत्या वर्षापासून येणार ते आताच छापून टाकावं.